साडेचार सुती

गंजलेला बोल्ट तुटण्याआधी मऊ होतो. हे मला कुणी सांगितलं नव्हतं, हाताला कळलं. सुटणारा बोल्ट आधी दगडासारखा अडून बसतो, मग 'कट्' असा आवाज करतो आणि त्यानंतर करकरत, कुरकुरत का होईना, फिरायला लागतो. तुटणाऱ्याचं तसं नसतं. अडलेला पाना एकाएकी हलका होतो, चिखलात रोवलेली काठी वळावी तसा सहज वळतो. मन म्हणतं, सुटला! आणि पुढच्या पाव वेढ्यात बोल्टाचं डोकं गोटीसकट, म्हणजे पान्याच्या टोकाला लावलेल्या पोकळ टोपीसकट, हातात येतं.

दिवाळीच्या सुट्टीत आमच्या जीपखाली गोणपाटावर उताणी पडून मी असं एक डोकं हातात धरून बघत होते. तुटल्या जागी दोन रंग दिसत होते. कडेला तपकिरी-काळं कडं आणि मध्ये करड्या, चमकत्या धातूचा जेमतेम अर्धा भाग. म्हणजे अर्धा बोल्ट माझ्या कितीतरी आधी गेलेला होता. उरलेला अर्धा मी मोडला. जोर पुरत नाही म्हणून पान्याच्या दांड्यात मी हातभर लांबीचा पाइप घातला होता.

पडवीतून अण्णांनी, माझ्या वडिलांनी, विचारलं, "निघाला?"

"तुटला," मी म्हटलं.

त्यावर ते काही बोलले नाहीत. एकोणऐंशी वर्षांच्या माणसाची ती शांतता मला तेव्हा थकव्याची वाटली. तशी ती नव्हती, हे आठवड्याभराने कळलं.

जीप १९९१ची, महिंद्राची एमएम ५४०. पावसजवळच्या बागेतून आंब्याच्या पेट्या रत्नागिरीत आणायच्या म्हणून अण्णांनी घेतलेली. खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षं चालते, पुढे दर पाच वर्षांनी आरटीओत दाखवून ती नवी करून घ्यावी लागते. यंदा पुन्हा ती पाळी आली होती. इंजिन उत्तम, ब्रेक नीट, पण सायलेन्सरचा पाइप मॅनिफोल्डला, म्हणजे इंजिनाचा धूर गोळा करणाऱ्या बिडाच्या नळ्यांना, जिथे जोडतो तिथून धूर फुसफुसत होता. पॅकिंग बदलायचं काम. तीन नट काढायचे, पाइप खाली ओढायचा, नवं पॅकिंग घालायचं, तीन नट लावायचे. सांगायला दहा मिनिटांचं. जुन्या गाडीचं कुठलंही काम सांगायला दहा मिनिटांचंच असतं. उरलेला वेळ सगळा गंजाचा.

आमचं घर मिऱ्याच्या बाजूला आहे, समुद्रापासून चालत पाच मिनिटांवर. इथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि तो नसतो तेव्हा खारा वारा असतो. खिडकीच्या गजाला सकाळी हात लावला की बोटाला मीठ लागतं. निसर्ग वादळात, ३ जून २०२० रोजी, बसरा स्टार नावाचं जहाज मिऱ्याच्या किनाऱ्याला येऊन लागलं आणि पुढे कित्येक वर्षं तिथेच राहिलं. मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. बारावीला विद्युत रसायनाचा धडा आला की त्या वर्षांत मी मुलांना फळ्यावरच्या आकृतीपेक्षा त्या जहाजाबद्दलच जास्त विचारायची. पाण्याच्या वरचा भाग जास्त गंजलाय की खालचा? लाट जिथे आपटते तिथे काय झालंय? मुलं खरंच जाऊन बघून यायची. लाटेचा शिडकावा जिथे सतत होतो, तिथे पाणी, मीठ आणि हवा तिन्ही मुबलक मिळतात, आणि लोखंड तिथेच सगळ्यात लवकर संपतं.

पण बोल्टाचं गणित याहून आतलं आहे. गंजणं ही एका लहानशा बॅटरीसारखी क्रिया. लोखंडाच्या एका जागी अणू इलेक्ट्रॉन सोडून विरघळतो, दुसऱ्या जागी हवेतला ऑक्सिजन ते इलेक्ट्रॉन घेतो, आणि खारं पाणी ही दोन टोकं जोडतं. गंमत अशी की विरघळणारी जागा बहुतेक वेळा तीच असते जिथे हवा कमी पोचते. म्हणजे बोल्टाचं डोकं, जे उघड्यावर आहे, ते लालसर दिसेल पण शाबूत राहील, आणि डोक्याच्या खालची मान, फटीच्या आतली, ओलावा धरून बसलेली, ती बारीक होत जाईल. बाहेरून काहीच कळत नाही. त्यात गंजाला मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा लागते. आट्यांच्या आत ती जागा नसतेच. मग तो फुगतो आणि नट-बोल्ट एकमेकांना असे धरतात की जणू एकाच ओतकामातून निघाले असावेत. बारीक झालेली मान आणि घट्ट धरलेले आटे, या दोन गोष्टी एकत्र आल्या की माझ्यासारखं कुणीतरी पाइप लावतं आणि डोकं हातात येतं.

सायलेन्सरच्या जागी तर याच्याही पुढची अवस्था. रोज तापायचं, रोज निवायचं, आणि तापलेलं असताना रस्त्यावरचं पाणी अंगावर घ्यायचं.

हे सगळं मला माहीत होतं. वर्षानुवर्षं शिकवलं होतं. तरी पाइप लावला. कारण सोमवारी कॉलेज उघडणार होतं.

तुटलेल्या बोल्टाची हकीकत पुढे आहेच, पण आधी जे मी नीट केलं तेही सांगते, कारण त्याचा कुणाला उपयोग होईल. पहिल्या दिवशी पान्याला हातच लावला नव्हता. तारेच्या ब्रशने तिन्ही जागा घासल्या. बाहेर आलेल्या आट्यांवर गंजाचा थर असतो; तो तसाच ठेवून नट फिरवला की नट त्याच थरावर चढून अडकतो. मग तेल. गंज सोडवणारं झिरपतं तेल बाजारात मिळतं. ते नसेल तर डिझेल किंवा रॉकेल चालतं, फक्त त्यांना वेळ द्यावा लागतो. निळ्या-पिवळ्या डब्यातला डब्ल्यूडी-४० फवारा सगळीकडे मिळतो आणि लोक त्याच्यावर विसंबतात. पण तो १९५३ मध्ये बनला तो ओलावा हटवायला, रॉकेटांना गंज चढू नये म्हणून. गंज चढून घट्ट बसलेल्या आट्यांत शिरण्याचं काम त्याच्याहून पातळ, खास त्यासाठी केलेलं तेल जास्त बरं करतं, असा माझा अनुभव. सकाळी तेल, संध्याकाळी तेल, आणि प्रत्येक वेळी हातोडीने डोक्यावर चार-सहा टोले. फार जोरात नाही, दार ठोठावल्यासारखे. त्या हादऱ्याने गंजाच्या थराला बारीक तडे जातात आणि तेलाला वाट मिळते.

तिसऱ्या दिवशी पाना. इथे एक उलटी वाटणारी गोष्ट आहे: आधी किंचित आवळायचं. केसभर आवळला गेला तर गंजाची पकड मोडते. मग पाव वेढा सैल करायचा, पुन्हा आवळायचा, पुन्हा सैल. घट्ट बसलेल्या दाराला जसं मागेपुढे करतो तसं. आणि गोटी सहा कोनांची घ्यायची, बारा कोनांची नको. बारावाली नटाच्या कोपऱ्यांना धरते आणि गंजाने आधीच गोलसर झालेले कोपरे पार खाऊन टाकते.

पहिल्या दोन नटांना सतरा मिलिमीटरची गोटी बसली. ते हलले नाहीत, पण मी त्यांच्यावर जबरदस्तीही केली नाही. तिसऱ्या जागी स्टडवर, म्हणजे आत रोवलेल्या बिनडोक्याच्या आट्यांच्या दांड्यावर, नट नव्हता, सरळ बोल्ट होता. त्याला सतराची सैल. पंधराचीही सैल. चौदाची बसेचना. मला वाटलं, मूळचं चौदाचं डोकं गंजाने फुगलंय. पंधराची गोटी घेतली, आत पत्र्याची पट्टी सारली, पाइप लावला.

ज्याच्या शेजारच्या दोघांना सतरा लागतो, त्या तिसऱ्याला चौदा-पंधराच्या मधलंच काहीतरी का लागावं, हा प्रश्न त्या क्षणी पडायला हवा होता. पडला नाही.

चाचांचं गॅरेज मिरकरवाड्याच्या वाटेवर आहे. तिथे जीप कमी आणि मच्छीमारांच्या होड्यांची इंजिनं जास्त उघडी पडलेली असतात. मी शाळेत असल्यापासून चाचा ही जीप बघताहेत. आता त्यांचीही सत्तरी उलटली. दोन नटांवर पाइप लटकवत, बोटीसारखा आवाज करत मी गाडी तिथे नेली. चाचांनी वाकून पाहिलं आणि पहिलं वाक्य बोलले ते असं: "डोकं कुठाय?"

"कुणाचं?"

"बोल्टाचं गं बाय. फेकलंस काय?"

फेकलं नव्हतं. खिशात होतं. ते त्यांनी घेतलं, न बघता बाकावर ठेवलं आणि आधी उरलेल्या दोन नटांकडे वळले. बॅटरीची तार काढली, जवळची रबराची नळी ओल्या फडक्याने झाकली आणि गॅसची बारीक ज्योत फक्त नटावर धरली. नट तापून फुगतो, आतला स्टड तेवढ्या वेळात तितका तापत नाही, आणि दोघांच्या मधला गंज तडकतो. नट लाल झाला. चाचांनी ज्योत बाजूला केली, तो काळपट होईपर्यंत थांबले आणि खिशातून अर्धी मेणबत्ती काढून त्याच्या कडेला टेकवली. मेण चुर्र करून वितळलं आणि आट्यांच्या फटीत ओढलं गेलं, वातीत तेल चढावं तसं. मग रिंग पाना. दोन बोटांनी फिरवावा तसा नट आला. दुसराही तसाच. तीन दिवस मी जे तेल पाजलं होतं त्याचाही त्यात वाटा असेल, पण मेणबत्तीचं ते चुर्र मी विसरणार नाही. केशाकर्षण मी फळ्यावर काचेच्या नळ्या काढून शिकवते. इथे ते डोळ्यांसमोर काम करत होतं.

तिसऱ्याचं तसं नव्हतं. तो मॅनिफोल्डच्या कानाच्या पातळीत तुटला होता, चिमट्याला धरायला काहीच नाही. अशा वेळी करतात ते चाचांनी केलं: तुटक्या तोंडावर एक नट ठेवला आणि नटाच्या पोकळीतून वेल्डिंगने तो तुकड्याला चिकटवला. यात दोन कामं एकदम होतात. तुकड्याला नवं डोकं मिळतं आणि त्याच तापाने गंज सैल होतो. दहातले आठ असेच निघतात, चाचा म्हणाले. हा निघाला नाही. वेल्डिंग तुटलं. पुन्हा चिकटवलं, पुन्हा तुटलं.

तिसऱ्यांदा करण्याऐवजी चाचा थांबले. हात पुसले आणि म्हणाले, "हा गंजाने धरलेला नाही. ह्याचं काहीतरी वेगळं आहे." आता त्यांनी बाकावरचं डोकं उचललं. डोक्याला बोटाच्या पेराएवढा आट्यांचा तुकडा शिल्लक होता. तो त्यांनी डिझेलमध्ये घासला आणि खणातून आटे मोजायची पट्ट्यांची जुडी काढली, करवतीसारखे दात असलेल्या पातळ पट्ट्या. दीडची पट्टी लावली. सुरुवातीचे दोन दात बसले, पुढचे वर उचलले गेले. मग दुसरी जुडी काढली, इंचाची. सोळाची पट्टी लावताच दात आणि आटे एकमेकांत असे बसले की मधून उजेड दिसेना.

"सुती आहे," चाचा म्हणाले. "तीन सुती बोल्ट. दहाच्या भोकात."

हे ज्यांना परकं वाटेल त्यांच्यासाठी थोडं थांबते, कारण या जीपची खरी गोष्ट इथेच आहे. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. आपल्या गवंड्यांची, सुतारांची, फिटरांची ही जुनी मापं. महिंद्राने १९४७ मध्ये मुंबईत विलीज जीप जुळवायला सुरुवात केली. ती अमेरिकन गाडी, त्यामुळे तिचा सांगाडा, तिचे स्प्रिंग, तिचा पत्रा सगळं इंचात. पुढे त्याच घराण्यातल्या एमएम ५४०मध्ये प्यूजो या फ्रेंच कंपनीच्या परवान्याचं २,११२ सीसीचं डिझेल इंजिन बसलं. फ्रेंच इंजिन मिलिमीटरमध्ये. म्हणजे बॉनेट उघडलं की एकाच गाडीत दोन भाषा. चेसिसवरचा बोल्ट सुती, इंजिनवरचा एमएम. सीमेवर दोन्ही शेजारी-शेजारी. जुन्या विलीजमध्ये तर आणखी एक: डाव्या बाजूच्या चाकांचे नट उलट्या आट्यांचे, सायकलच्या डाव्या पेडलसारखे. सोडवतोय असं समजून आवळत बसायचं, आणि शेवटी स्टड मोडायचा.

तीन सूत म्हणजे साडेनऊ मिलिमीटरच्या थोडंसं वर. दहाच्या भोकात तो बोल्ट आरामात शिरतो. एका इंचात त्याचे सोळा आटे, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर १.५८७५ मिलिमीटर. दहाच्या नेहमीच्या आट्यांचं अंतर १.५. फरक केसाएवढा. पहिले दोन वेढे हाताने जातात, तिसरा पान्याने, चौथ्या-पाचव्याला जोर लागतो, सहाव्याला दोन्ही आटे एकमेकांना चावतात. आवळणाऱ्याला वाटतं, छान घट्ट बसला. आणि डोक्याला लागणारा पाना ९/१६ इंचाचा, साडेचार सुती, म्हणजे १४.२९ मिलिमीटर. म्हणूनच चौदाची गोटी बसेना आणि पंधराची सैल.

डोकं फुगलं नव्हतं. ते पहिल्यापासून खरं बोलत होतं. मी चुकीच्या भाषेत ऐकत होते.

"बोल्ट कुणी लावला ते काढताना कळतं," चाचा म्हणाले आणि मॅनिफोल्ड उतरवायला लागले. मॅनिफोल्डचे नट पितळी होते, पितळ लोखंडाला तसं धरत नाही, ते शहाण्यासारखे निघाले. वाटेत रेडिएटरच्या पट्टीचे दोन बोल्ट काढावे लागले. ते पान्याच्या पहिल्या स्पर्शालाच सुटले. आत जुनं, काळं, मेणासारखं ग्रीस, आणि त्याच्या खाली आटे चकचकीत. चाचांनी ते मला दाखवले. "हे तुझ्या अण्णांचे. तिथे मी न बघता सांगतो." अण्णांची ती सवय मला माहीत होती. लहानपणी मी बघायची, डब्यातल्या ग्रीसमध्ये प्रत्येक बोल्ट अर्धा बुडवल्याशिवाय ते लावायचे नाहीत. आई म्हणायची, हा माणूस भिंतीत खिळा ठोकतानाही ग्रीस लावेल.

मग तो सुती बोल्ट कुणी कोंबला? माझ्या मनात लगेच आलं, कुठल्यातरी गॅरेजमधल्या घाईच्या पोराने. रस्त्याकडेच्या अनोळखी माणसावर चूक ढकलणं फार सोपं असतं.

आता छिद्र पाडण्याशिवाय इलाज नव्हता. तुकडा बाहेर ओढायला उलट्या पिळाचं एक हत्यार मिळतं, तुकड्यात भोक पाडून त्यात रुतवायचं आणि उलटं फिरवायचं. चाचा ते वापरत नाहीत, आणि त्यांचं कारण मला पटलं. ते हत्यार अतिशय कठीण पोलादाचं असतं आणि कठीण असतं म्हणूनच ठिसूळ. वेल्डिंगच्या नटाने जो हलला नाही, तो याने हलण्याची आशा थोडी. आणि ते आत मोडलं तर साधं ड्रिल त्याच्यावर चालत नाही. मग तो भाग कारखान्यात नेऊन ठिणगीच्या यंत्राने जाळून काढावा लागतो. एक अडचण काढताना तिच्याहून मोठी आत ठेवून यायची.

तर ड्रिल. मॅनिफोल्ड व्हाइसमध्ये धरला, तुटलेलं तोंड कानशीने सपाट केलं, मध्यावर पंच मारला. त्या एका टोल्यासाठी चाचांनी पाच मिनिटं घेतली. चष्मा वर केला, खाली केला, कोन बदलला, मला बघायला लावलं. "मधोमध आहे?" मी म्हटलं, आहे. "नीट बघ." पुन्हा पाहिलं तर केसभर डावीकडे. पंच तिरका धरून त्यांनी खूण सरकवली. मग तीनचं ड्रिल, संथ, तेलाचे थेंब घालत. मग पाचचं, मग सातचं.

आणि इथे मी एक गोष्ट शिकले, जी इतकी वर्षं धातूंबद्दल बोलूनही मला सुचली नव्हती. बोल्ट पोलादाचा, मॅनिफोल्ड बिडाचा. पोलादातून ड्रिल जातं तेव्हा पिळदार शेव सुटते. बिडातून जातं तेव्हा काळी पूड पडते, कारण बिडात कार्बन ग्राफाइटच्या पापुद्र्यांच्या रूपात पसरलेला असतो आणि धातू त्या पापुद्र्यांवर तुटत जातो. चाचा भोकाकडे बघतच नव्हते. ते खाली पडणाऱ्या चुऱ्याकडे बघत होते. शेव येतेय तोवर ड्रिल बोल्टात आहे. पूड दिसली की ते भटकलं, बिडात शिरलं, थांबा. सातच्या ड्रिलला एका बाजूने चिमूटभर काळी पूड आली. चाचांनी तिथेच हात थांबवला, ड्रिल किंचित तिरकं केलं, पुन्हा शेव सुरू झाली.

शेवटी बोल्टाची फक्त कागदासारखी साल उरली, आट्यांना चिकटलेली. बारीक छिन्नीने एका जागी ती आत वाकवली आणि चिमट्याने धरून ओढली. स्प्रिंगसारखी उलगडत बाहेर आली. तीन तुकड्यांत. चाचांनी ते तुकडे माझ्या तळहातावर ठेवले. गरम होते.

भोकात विजेरी मारून पाहिलं. तोंडाचे पाच आटे चेपलेले, दोन भाषांनी एकमेकांना चावलेले. पण त्याच्या पुढे, आतल्या बाजूला, मूळचे दहाचे आटे जसेच्या तसे होते. चुकीचा बोल्ट तिथवर कधी पोचलाच नव्हता. तो अडकला म्हणूनच ते वाचले होते. दहाचा टॅप, म्हणजे भोकात आटे पाडायचं हत्यार, चाचांनी माझ्या हातात दिला. बिडात टॅप कोरडाच चालवतात, ग्राफाइटच वंगणाचं काम करतं. अर्धा वेढा पुढे, पाव वेढा मागे, म्हणजे चुरा मोडतो. तोंडाशी टॅप डळमळत होता, मी त्याला काटकोनात धरून होते. आणि मग आत कुठेतरी त्याला मूळचा आटा सापडला. तो क्षण हाताला स्पष्ट कळतो. जोर लागेनासा होतो आणि टॅप आपल्या आपण वाट ओळखून पुढे जायला लागतो. मला भरून आलं. का ते सांगता येणार नाही, पण आलं.

नेहमीपेक्षा लांब स्टड घेतला, आतल्या चांगल्या आट्यांपर्यंत पोचणारा. तिन्ही स्टड नवे, तिन्ही नट पितळी, आणि आट्यांवर तांब्याची पूड असलेलं ग्रीस. साधं ग्रीस सायलेन्सरच्या तापाला जळून जातं, तांबं राहतं.

संध्याकाळी घरी आले. सालीचे तीन तुकडे आणि ते डोकं पडवीतल्या टेबलावर ठेवलं. अण्णांनी डोकं उचललं, अंगठ्याने कोन चाचपले. चष्मा न लावता म्हणाले, "साडेचार सुती."

मी बघत राहिले.

"मीच घातला होता तो," ते म्हणाले.

२००१चा एप्रिल. मी तेव्हा पुण्याला एमएस्सीच्या पहिल्या वर्षाला. बागेतून चाळीस पेट्या भरून अण्णा रात्री निघाले होते, रत्नागिरीतून वाशीला जाणारा ट्रक साडेअकराला सुटणार होता. गोळपच्या पुढे पाइपचा एक स्टड गळून पडला आणि सायलेन्सर आपटायला लागला. रस्त्यावर अंधार. खिशात बॅटरी, हत्यारांच्या पिशवीत पाने सगळे, पण स्टड नाही, बोल्ट नाही. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली आणि बंपरच्या उजव्या टोकाचा बोल्ट काढला.

"तो लगेच निघाला?"

"ग्रीस लावलेला होता ना."

तो बोल्ट त्यांनी भोकाला लावून पाहिला. दोन वेढे हाताने गेला. पुढे जाईना तेव्हाच त्यांना कळलं होतं की माप चुकतंय. "कळलं होतं गं. सहावा वेढा मी डोळे मिटून मारला." ट्रक मिळाला. दुसऱ्या दिवशी नीट करू म्हटलं. मोसमात दुसरा दिवस कुठला यायला. पावसाळा आला, पाइप गळत नव्हता, आणि जे गळत नाही ते राहून जातं. पुढे मॅनिफोल्डशी काम निघालं तेव्हा त्यांनी नट पितळी बसवले, पण त्या एका बोल्टाला पाना लावून पाहिला आणि सोडून दिला. तुटेल अशी भीती वाटली. त्यानंतर तो विषयच त्यांनी मनातून बाजूला सारला. म्हणजे सारला नव्हता. मी जीपखालून 'तुटला' म्हटलं तेव्हा कुठला ते त्यांनी विचारलंच नव्हतं.

बंपरच्या उजव्या टोकाच्या भोकात कायम एक तार पिळलेली असायची. सुट्टीला घरी आले की मी ती बघायची आणि वाटायचं, खड्ड्यांतून जाताना बोल्ट पडला असेल.

मी त्यांना काय बोलणार होते? त्या चाळीस पेट्यांच्या पैशातून माझ्या खोलीचं भाडं गेलं असणार. वर्षाचा हिशेब अण्णांच्या वहीत सापडेल, मी काढून पाहिला नाही.

रविवारी गाडी परत जुळवली. मी बाजारात जाऊन तीन सुती बोल्ट आणला. तोही सहज नाही मिळाला. दुकानात 'सुती' म्हटलं की जे पुढे येतं ते बहुतेक वेळा जुन्या इंग्रजी आट्यांचं असतं, जोसेफ व्हिटवर्थने १८४१ मध्ये ठरवलेल्या, पंचावन्न अंशांच्या कोनाचं. जीपचे आटे अमेरिकन, साठ अंशांचे. तीन सुतीत दोन्हीकडे इंचाला सोळाच आटे, त्यामुळे फरक लपून जातो. चार सुतीत एकाचे बारा आणि दुसऱ्याचे तेरा, तिथे फसगत होते. मी चाचांकडून पट्ट्यांची जुडी मागून नेली होती. दुकानदार माझ्याकडे बघत राहिला, पण त्याने चार डबे उघडून दिले. चौथ्या डब्यात मिळाला.

अण्णांना आता वाकवत नाही. मी त्यांच्यासाठी बंपरसमोर स्टूल मांडला. पेट्यांवर बागेची खूण मारायचा पिवळा रंग तळाशी थोडा शिल्लक होता. घट्ट झाला होता, त्यात टर्पेंटाइन घातलं. सुती बोल्टांवर पिवळा ठिपका द्यायचा, एमएमवर काही नाही, असं त्यांनी ठरवलं होतं. मडगार्ड, बॉनेटचे कब्जे, रेडिएटरची पट्टी, हात पोचेल तिथले सगळे. हात थरथरतो त्यांचा, पण ब्रश टेकला की थांबतो.

शेवटी बंपर. पक्कडने ती पिळलेली तार मी कापली. अण्णांनी बोल्ट ग्रीसच्या डब्यात अर्धा बुडवला, भोकात घातला, हाताने फिरवत नेला. शेवटपर्यंत हातानेच गेला. मग त्यांनी मागे न बघता हात माझ्यापुढे केला.

"पाना?"

"कुठला देऊ?"

"साडेचार सुती," अण्णा म्हणाले.